थकलेले शिक्षणकर्ज आणि आपले काम

(पवनी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतकऱ्याच्या कर्जाविषयी बोलताना आपल्यापैकी कोणाचीही जीभ अडखळत नाही. धान पिकले नाही, किंवा पिकले तरी भाव मिळाला नाही, म्हणून सोसायटीचे कर्ज थकले, असे आपण उजळ माथ्याने सांगतो आणि त्यासाठी तहसील कचेरीवर मोर्चाही नेतो. परंतु त्याच शेतकऱ्याच्या मुलाने शिक्षणासाठी घेतलेले कर्ज थकले, की घरात कुजबूज सुरू होते. बँकेचे पत्र पेटीच्या तळाशी जाते, फोन उचलला जात नाही, आणि शेजाऱ्यांना काही कळू नये यासाठी सारे घर धडपडते. पिकाचे कर्ज बुडाले तर दोष पावसाचा व बाजाराचा. पदवीचे कर्ज बुडाले तर दोष मुलाचा, अशी आपल्या मनात एक विभागणी झालेली आहे.

ही विभागणी अर्थशास्त्राच्या दृष्टीने चुकीची आहे आणि व्यवहाराच्या दृष्टीने घातक आहे. चुकीची अशासाठी, की पदवीचे पीकही बाजारातच विकावे लागते आणि त्या बाजाराचा भाव विद्यार्थी ठरवीत नाही. घातक अशासाठी, की कर्जदाराला नियमानुसार ज्या सवलती मिळू शकतात त्या मागितल्यावाचून, आणि वेळेवर मागितल्यावाचून, मिळत नाहीत. लाजेने गप्प बसलेला माणूस काहीच मागत नाही. आज मी जे मांडणार आहे त्याचे सार एवढेच आहे.

प्रथम हे कर्ज आले कोठून, ते पाहू. १९६३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना सुरू केली. ती बिनव्याजी होती आणि गरीब, गुणवान विद्यार्थ्याला पैसा सरकारच देत असे. ती योजना पुढे बंद पडली. त्यानंतर उच्च शिक्षणातील सरकारी वाटा आखडत गेला, विनाअनुदानित महाविद्यालये वाढली, फी वाढली, आणि ती भरण्यासाठी २००१ साली इंडियन बँक्स असोसिएशनने तयार केलेली नमुना शिक्षणकर्ज योजना बँकांनी स्वीकारली. म्हणजे जे पूर्वी शासनाचे कर्तव्य होते ते विद्यार्थी व बँक यांच्यामधील खासगी व्यवहाराचे रूप घेऊन पुढे आले. या योजनेत ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, हे तिचे चांगले अंग आहे. तिच्यामुळे कित्येक घरांतील पहिली मुलगी परिचारिका झाली, पहिला मुलगा अभियंता झाला, हे मी नाकारीत नाही. परंतु शिक्षणाचा धोका समाजाच्या अंगावरून उतरून एका कुटुंबाच्या अंगावर गेला, हेही तितकेच खरे आहे.

आता हप्ता का थकतो ते आकड्यांनी पाहू. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या आरंभी १ लाख याप्रमाणे ३ लाख रुपये कर्ज घेतले आणि व्याजाचा दर १० टक्के आहे. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता मागितला जात नाही. पण व्याज थांबत नाही. ते सरळव्याजाने वाढतच असते. पहिल्या लाखावर चार वर्षांचे, दुसऱ्यावर तीन वर्षांचे आणि तिसऱ्यावर दोन वर्षांचे, असे ९० हजार रुपये व्याज होते. पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी कर्ज ३ लाखांचे राहिलेले नसते, ३ लाख ९० हजारांचे झालेले असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ५,१५० रुपये, पंधरा वर्षांत फेडायचे तर सुमारे ४,२०० रुपये भरावे लागतात. त्या मुलीला नागपुरात १२ हजारांची नोकरी लागली आणि खोलीभाडे, खाणावळ व प्रवास यांतच ८-९ हजार गेले, तर हप्ता कशातून भरायचा? येथे बेइमानीचा प्रश्न येतोच कोठे?

हप्ता पंचांगाप्रमाणे येतो. पगार मात्र मजुरीच्या बाजाराप्रमाणे येतो. ही विसंगती कर्जाच्या रचनेतच आहे. म्हणूनच मोठ्या रकमेच्या, तारण असलेल्या कर्जांपेक्षा छोट्या कर्जांत थकबाकीचे प्रमाण अधिक दिसते. परदेशी जाणारा मुलगा २०-२५ लाख फेडतो आणि तालुक्याच्या गावचा मुलगा ३ लाखांवर अडतो. पहिला अधिक प्रामाणिक आहे म्हणून असे घडत नाही. पहिल्याच्या मागे घर, ओळखी आणि चांगल्या पगाराचा बाजार उभा असतो. २०२२ च्या जूनअखेर शिक्षणकर्जांपैकी सुमारे ८ टक्के रक्कम अनुत्पादक ठरली होती. पुढील काळात हे प्रमाण बरेच उतरले. मात्र बँकेने आपल्या ताळेबंदातून एखादे कर्ज निर्लेखित केले म्हणजे कर्जदार मोकळा झाला, असे कोणी समजू नये. बँकेच्या वहीतून गेलेले कर्ज कर्जदाराच्या दारात उभेच असते.

या जिल्ह्यात बोलताना एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता तीत निवडून आले, आणि राखीव जागेवर उभे असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा हा अर्थशास्त्रज्ञ शिकला तो कसा? १९१३ साली बडोदे संस्थानाने त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचे बंधन घातले. १९१७ साली ते नोकरीवर हजरही झाले. पण त्या शहराने त्यांना राहायला छप्पर दिले नाही. जात लपवून मिळविलेली जागाही सोडावी लागली आणि नोकरी सुटली. पुढे लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी त्यांनी नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले. करार मोडला हे कागदावर खरे होते. पण तो मोडला कोणी? शिकलेल्या माणसाला काम करून कर्तव्य फेडण्याची संधीच समाजाने दिली नाही, तर दोषाचा मोठा वाटा त्या समाजाकडे जातो. आजच्या बेकार पदवीधराकडे पाहताना हा हिशेब आपण विसरता कामा नये.

एवढे तत्त्वाचे झाले. आता कार्यकर्ता म्हणून आपण काय करू शकतो, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी कर्ज घेण्यापूर्वीची आहे. प्रवेशाच्या दिवसांत परप्रांतातील महाविद्यालयांचे दलाल गावोगाव फिरतात आणि कर्ज आम्हीच मिळवून देऊ म्हणतात. संस्थेला संबंधित परिषदेची मान्यता आहे काय, मागील तुकडीतील मुलांना प्रत्यक्षात काय पगार मिळाला, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. कर्जापूर्वी शिष्यवृत्तीचे दार ठोठावले पाहिजे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आपल्याकडे आहेत. २०२४ च्या जुलैपासून राज्य शासनाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. ज्या मुलीची फी माफ होऊ शकते तिने फीसाठी कर्ज काढावे, याहून मोठी उधळपट्टी नाही.

दुसरी पायरी व्याज अनुदानाची. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे, त्यांच्या मुलांचे अभ्यासक्रमाच्या काळातील आणि त्यापुढील एका वर्षाचे व्याज केंद्र सरकारने भरावे, अशी योजना २००९ पासून आहे. ती मान्यताप्राप्त संस्थांतील व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांना लागू होते. मघाच्या उदाहरणातील ते ९० हजार रुपये याच योजनेतून वाचू शकतात, आणि पंधरा वर्षांचा हप्ता ४,२०० वरून सुमारे ३,२०० वर येतो. एका उत्पन्नाच्या दाखल्याची ही किंमत आहे. हा दाखला वेळेवर बँकेत पोहोचला नाही, म्हणून अनुदान गेले, असे अनेक घरांत घडते. अभ्यासक्रम मध्येच सोडला तर मात्र आजारपणाचे कारण वगळता हे अनुदान मिळत नाही, हेही मुलांना आधीच सांगावे. राज्याच्या इतर मागासवर्गीय महामंडळाचीही शिक्षणकर्जावरील व्याज परताव्याची योजना आहे. पात्र घरांनी तिची चौकशी अवश्य करावी. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. परंतु ती निवडक नामांकित संस्थांपुरती आहे. ज्याला नामांकित संस्थेत प्रवेश मिळतो त्याला मदत, आणि ज्याला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या महाविद्यालयातच शिकणे परवडते तो बाहेर, अशी ही मांडणी आहे. तिला आपण विरोध केला पाहिजे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती हप्ता थकण्यापूर्वीची आहे. हप्त्याची तारीख उलटून ९० दिवस झाले, की बँकेला ते कर्ज अनुत्पादक ठरवावे लागते. हे ९० दिवस म्हणजे कर्जदाराचे खरे भांडवल होय, आणि नेमके तेच दिवस आपली मुले फोन न उचलण्यात घालवितात. नोकरी सुटली, पगार घटला, आजार आला, की त्याच आठवड्यात शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्यावा आणि प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी बोलणे हवेत विरते. पोच घेतलेला कागद टिकतो. अर्जात मागायचे काय? परतफेडीची मुदत वाढवून हप्ता लहान करावा. नमुना योजनेत ही मुदत १५ वर्षांपर्यंत जाऊ शकते. आरंभी लहान आणि पगाराबरोबर वाढत जाणारे हप्ते पाडून द्यावेत. बेकारीच्या काळापुरती हप्त्यांना स्थगिती द्यावी. २०१५ साली सुधारलेल्या नमुना योजनेत बेकारी वा अर्धबेकारीच्या काळासाठी कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा अशी स्थगिती देण्याची कल्पना आहे. हे सारे बँकेच्या विवेकावर सोडलेले आहे, आपोआप मिळणारे नाही. म्हणूनच अर्ज, पुरावा आणि पाठपुरावा यांना महत्त्व आहे. स्थगितीत व्याज चालूच राहते, हेही लक्षात ठेवावे आणि जमेल तेवढे व्याज भरत राहावे.

याच टप्प्यावर एक मोठी चूक घडते. बँकेचा हप्ता भरण्यासाठी आई सूक्ष्म वित्त कंपनीच्या गटातून कर्ज काढते, बाप सावकाराकडे जातो, किंवा मुलगा मोबाईलवरील कर्ज ॲपच्या जाळ्यात सापडतो. १० टक्क्यांचे कर्ज २४ वा ३६ टक्क्यांच्या कर्जाने फेडणे म्हणजे गळकी घागर भरण्यासाठी विहीर गहाण ठेवणे होय. हे घडू न देणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम समजावे.

चौथी पायरी, कर्ज थकल्यानंतरची. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करू नये, धाकदपटशा करू नये, नातेवाइकांत व शेजाऱ्यांत बेअब्रू करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा स्पष्ट आदेश आहे. दंडाची रक्कम मुदलात मिळवून तिच्यावर व्याज चढवू नये, असे तिने २०२३ मध्ये बजावले. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. पतमाहिती कंपनीकडून, म्हणजे लोक ज्याला सरसकट सिबिल म्हणतात त्याकडून, वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मागविता येतो. त्यातील चूक दाखवून ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

एकरकमी तडजोडीने कर्ज मिटविता येते. मात्र 'तडजोडीने मिटविले' अशी नोंद पतमाहितीत राहते आणि पुढील कर्जाला ती आडवी येते, हे आधी समजून घ्यावे. ठरलेली रक्कम लेखी घ्यावी आणि भरल्यावर बेबाकी दाखला घेतल्यावाचून परतू नये. लोकअदालत हा दुसरा मार्ग आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तेथे न्यायशुल्क लागत नाही. पण तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असतो व त्यावर अपील नाही. म्हणून न पेलणारा हप्ता तेथे भिडेखातर कबूल करू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्न गट यांना विधी सेवा समितीकडून वकील विनामूल्य मिळतो.

आणि तुरुंगाची भीती? ती तर मनातून काढूनच टाकावी. कर्ज न फेडता येणे हा गुन्हा नव्हे. जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या १९८० च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले, की ऐपत असून अप्रामाणिकपणे न फेडणाऱ्यालाच दिवाणी कैद होऊ शकते. केवळ दारिद्र्यासाठी कोणाला कोंडता येत नाही. धानाची बांधी तारण असेल तर बँकांच्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, कोर्टावाचून, ती जप्त करता येत नाही. शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. दिवाणी दावा मात्र होऊ शकतो, म्हणून नोटिशीकडे दुर्लक्ष करू नये. ज्याची ऐपत आहे आणि तरीही जो फेडत नाही, त्याची बाजू आपण घेणार नाही. कारण बँकेतील पैसाही अखेर सामान्य ठेवीदाराचा आहे.

कोणी म्हणेल, हे सारे बँकेच्या मेहरबानीवर चालणार असेल तर त्यात लढा कोठे आहे? येथे आपल्याच भागाचा इतिहास उपयोगी पडतो. भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रांतात होता. जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले आणि शेतकरी सावकारी कर्जाखाली चिरडला गेला, तेव्हा १९३३ साली मध्य प्रांताने कर्ज-तडजोडीचा कायदा केला. ऋणको व धनको यांना मंडळासमोर एकत्र बोलावून कर्जाची रक्कम निश्चित करणे आणि झेपतील असे हप्ते पाडून देणे, हे त्या मंडळांचे काम होते. त्याहीपूर्वी, १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत कर्जाच्या कागदामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला होता. परकी सरकारला जे सुचले ते लोकांच्या सरकारला का सुचू नये?

आपल्या मागण्या म्हणून मी तीन गोष्टी मांडतो. जिल्हावार शिक्षणकर्ज तडजोड मंडळे असावीत आणि त्यांवर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असावेत. हप्ता उत्पन्नाशी जोडावा. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून विशिष्ट उत्पन्नाच्या वर गेल्यावरच करासोबत शिक्षणाचे कर्ज वसूल करण्याची पद्धत ठेवली आहे. आणि राज्याने परतफेडीत वाटा उचलावा. केरळने २०१७ मध्ये ९०० कोटींची योजना आणून, पहिल्या वर्षी हप्त्याचा ९० टक्के, मग ७५, ५० आणि चौथ्या वर्षी २५ टक्के भार उचलण्याचे ठरविले. २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्रानेही २००९ पूर्वीच्या शिक्षणकर्जांवरील व्याजापोटी २,६०० कोटींचा भार उचलण्याची घोषणा केली होती. पैसा नाही ही सबब टिकत नाही. २०१५ पासून तारण नसलेल्या साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाची थकबाकी ७५ टक्क्यांपर्यंत भरून देण्याची हमी सरकार बँकेला देतेच. बँकेचा धोका शासन उचलते. विद्यार्थ्याचा धोका तेवढा त्याच्यावरच राहतो.

या मागण्या पदरात पडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पवनीत आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, आपण एक मेज व दोन खुर्च्या मांडू शकतो. येणाऱ्या घराकडून मंजुरीपत्र, खात्याचा उतारा आणि बँकेची पत्रे घ्यावीत. व्याज अनुदान मिळाले आहे की नाही हे तपासावे. अर्ज लिहून द्यावा आणि बँकेत बरोबर जावे. बरोबर जाणे याला मी फार महत्त्व देतो. मागावर काम करणारा कोष्टी वा रोवणीला जाणारी बाई साहेबाच्या टेबलासमोर एकटी उभी राहिली की आवाज बसतो. शेजारी आपला माणूस असला की तोच आवाज सरळ होतो. नावे गुप्त ठेवावीत, वर्गणी घेऊ नये, आणि न होणाऱ्या कर्जमाफीचे आश्वासन कोणाला देऊ नये. खोट्या आशेवर हप्ता थांबविणारा मुलगा उद्या अधिक खोल खड्ड्यात पडतो, आणि त्याचे पाप आपल्या माथी येते.

दहा घरांची कागदपत्रे नीट तपासली, तर या तालुक्यात अनुदान कोठे अडते आणि कोणत्या सवलती कागदावरच राहतात, याचा पुरावा आपल्या हाती येईल. तो पुरावा घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे जाता येईल. चळवळ घोषणेने सुरू होते, पण टिकते ती अशा कागदांवर. पुढील बाजारापासून हे काम कोण हाती घेणार, तेवढे ठरवूनच आज उठावे, अशी माझी विनंती आहे.